पाळीव सशाचे वारंवार वाढणारे दात : कारणे, उपचार आणि तंजावर परिसरातील चारा-नियोजन

सशाचे वाढलेले दात पशुवैद्यकाने कापून दिले, दोन दिवसांत ससा पुन्हा खाऊ लागला आणि घरच्यांना हायसे वाटले. परंतु पाच-सहा आठवड्यांनी तीच हनुवटी पुन्हा लाळेने ओली दिसू लागली, असा अनुभव ससा पाळणाऱ्या अनेक कुटुंबांना येतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर ‘उपचार नीट झाला नाही’ असे वाटू लागते. प्रत्यक्षात दात कापणे हा तात्पुरता आराम असतो. दात का वाढतात, याचे उत्तर बहुतेक वेळा सशाच्या खाद्याच्या भांड्यात दडलेले असते आणि ते भांडे बदलले नाही तर तक्रार परत येणे अटळ ठरते.

तंजावर हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचा जिल्हा. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तेथे राज्य स्थापिले, तेव्हापासून मराठी कुटुंबे या नगरीत नांदत आहेत. उष्ण व दमट हवा, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडणारा मुख्य पाऊस आणि सर्वत्र उपलब्ध असलेला भाताचा पेंढा, या तिन्ही गोष्टींचा तेथील सशाच्या दातांशी थेट संबंध येतो. म्हणून या परिसराच्या संदर्भात दंतविकाराची कारणे, उपचार आणि चारा-नियोजन यांचा विचार येथे केला आहे.

दातांची रचना

सशाला एकूण 28 दात असतात. वरच्या जबड्यात चार व खालच्या जबड्यात दोन पटाशीचे दात असतात. वरच्या चारांपैकी दोन अगदी लहान असून ते मोठ्या दातांच्या मागे दडलेले असतात, त्यामुळे ते सहसा दिसत नाहीत. सुळे नसतात. गालांच्या आत वरच्या जबड्यात बारा आणि खालच्या जबड्यात दहा दाढा असतात. हे सर्वच दात आयुष्यभर वाढत राहतात. वरचे पटाशीचे दात आठवड्याला सुमारे 2 मिलिमीटर वाढतात आणि खालच्यांचा वेग त्याहून किंचित अधिक असतो. दाढांची वाढ त्यापेक्षा मंद असली तरी ती अखंड चालू असते.

वाढीइतकीच झीज झाली तर दातांची लांबी कायम राहते. पटाशीचे दात गवत कापताना आणि एकमेकांवर घासताना झिजतात. दाढांची झीज मात्र चघळण्यावर अवलंबून असते. लांब धाग्याचे गवत चघळताना सशाचा खालचा जबडा जात्यासारखा आडवा सरकतो आणि दाढांचा संपूर्ण पृष्ठभाग घासला जातो. गवताच्या पात्यातील सिलिका हे काम अधिक चोख करते. भरडा किंवा गोळी खाद्य खाताना जबडा मुख्यतः वर-खाली हलतो, दाणा चटकन फुटतो आणि चघळण्याचा वेळ फारच थोडा राहतो.

सशाचा खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असतो. त्यामुळे झीज अपुरी पडली की खालच्या दाढांच्या आतल्या कडेला टोके येऊन ती जिभेत रुततात, तर वरच्या दाढांची टोके बाहेरच्या बाजूस वाढून गालाला जखमा करतात. पटाशीचे दात वेडेवाकडे दिसतात, तेव्हा अनेकदा मूळ दोष मागच्या दाढांत असतो. दाढा लांबल्याने तोंड नीट मिटत नाही आणि पुढचे दात एकमेकांवर बसत नाहीत. केवळ पुढचे दात कापून तक्रार का संपत नाही, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

तक्रार पुन्हा का उद्भवते?

कारणांचे स्थूलमानाने चार गट करता येतात.

1. अपुरी झीज : आहारात लांब धाग्याच्या गवताचा अभाव. सर्वाधिक आढळणारे आणि पालकाच्या हाती असलेले कारण हेच.
2. जन्मजात दोष : वरचा जबडा आखूड असल्याने पटाशीचे दात जुळत नाहीत. आखूड चेहऱ्याच्या बुटक्या व लोंबत्या कानांच्या जातींत याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. हा दोष पिलांत कमी वयातच दिसू लागतो व तो आनुवंशिक असू शकतो. अशा सशापासून पैदास करू नये.
3. कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची कमतरता : जबड्याचे हाड ठिसूळ झाले की दाताची पकड सैल होते, दात तिरका सरकतो आणि मूळ हाडात खोल शिरते. धान्य निवडून खाणारा आणि कधीच उन्हात न जाणारा ससा या कमतरतेच्या जवळ असतो.
4. इजा : उंचावरून पडणे, पिंजऱ्याच्या जाळीला सतत चावणे किंवा घरच्या घरी दात कापताना दात उभा चिरणे.

एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 32 सशांना चार प्रकारचे आहार देऊन त्यांच्या दातांची 17 महिने पाहणी केली होती. धान्ये, दाणे व चुरमुऱ्यासारखे तुकडे यांचे मिश्रण दिलेल्या सशांमध्ये दातांची लांबी व वक्रता यांतील बदल ठळकपणे आढळले. अशा मिश्रणातून ससा आवडीचे दाणे वेचून खातो व उरलेले सोडतो. पोषणाचा समतोल तेथेच ढळतो.

मांसल सशाचा आहार पाळीव सशाला का चालत नाही?

आपल्याकडे ससेपालनाचे बहुतेक मार्गदर्शन व्यावसायिक पालनासाठी लिहिले गेले आहे. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे कोडाईकनालजवळील मन्नवनूर येथील दक्षिण विभागीय केंद्र, तसेच तमिळनाडू पशुवैद्यकीय व पशुविज्ञान विद्यापीठ यांनी ससेपालनाच्या प्रसारात महत्त्वाचे कार्य केले आहे. व्हाइट जायंट, सोव्हिएट चिंचिला यांसारख्या जातींची पिले सुमारे बारा आठवड्यांत साधारण दोन किलो वजनाची व्हावीत, हे या पालनाचे उद्दिष्ट असते. त्यासाठी खुराकाचे प्रमाण मोठे ठेवणे योग्यच आहे. तीन-चार महिन्यांच्या आयुष्यात दाढांचे विकार बळावण्याइतका अवधीच मिळत नाही.

घरी पाळलेला ससा मात्र आठ ते दहा वर्षे जगू शकतो. त्याला तेच खाद्य-वेळापत्रक लावले तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्याची किंमत दातांना मोजावी लागते. सल्ला चुकीचा नसतो. तो वेगळ्या हेतूच्या प्राण्यासाठी दिलेला असतो. पाळीव सशाच्या पालकाने कोणतीही खाद्य-तालिका वापरण्यापूर्वी ती वाढीसाठी आहे की दीर्घायुष्यासाठी, हे आधी पाहावे.

लक्षणे

ससा हा भक्ष्य प्राणी असल्याने वेदना लपवितो. तो जेवण सोडतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यापूर्वीची पुढील चिन्हे ओळखावीत.

- खाद्याकडे धाव घेतो, तोंडात धरतो आणि टाकून देतो.
- गवत सोडून केवळ मऊ पाने किंवा केळे खातो.
- हनुवटी, गळा किंवा पुढचे पाय लाळेने ओले राहतात.
- लेंड्या लहान, कमी किंवा वेड्यावाकड्या आकाराच्या होतात.
- शेपटीखाली मऊ विष्ठा चिकटते. ससा आतड्यात तयार होणारी मऊ लेंडी थेट गुदद्वारातून उचलून खातो; तोंड दुखत असल्यास ती खाल्ली जात नाही.
- एका डोळ्यातून सतत पाणी किंवा पांढरा स्राव येतो. वरच्या पटाशीच्या दाताचे मूळ अश्रुनलिकेला खेटून असते. मूळ लांबले की नलिका दाबली जाते.
- खालच्या जबड्याच्या कडेला बोटाला उंचवटे लागतात, गाठ येते किंवा डोळा पुढे आल्यासारखा दिसतो.

सशाने दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही किंवा लेंड्या पूर्ण थांबल्या, तर ती आणीबाणी समजावी. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. ते थांबले की वायू साठतो, वेदना वाढते, वेदनेमुळे खाणे आणखी थांबते आणि एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. ‘उद्या सकाळी पाहू’ हा विचार येथे महाग पडतो.

उपचार : काय करावे, काय टाळावे

पहिल्या तपासणीत पशुवैद्यक पुढचे दात पाहतात व छोट्या प्रकाशनळीतून दाढांचा अंदाज घेतात. सशाचे तोंड अरुंद असते, त्यामुळे जागेपणी दाढांचे सर्व दोष दिसत नाहीत. तक्रार पुन्हा आली असेल तर भुलीखाली पूर्ण तपासणी आणि कवटीची क्ष-किरण प्रतिमा यांचा आग्रह धरावा. दाताचा दिसणारा भाग ठीक असूनही मूळ हाडात शिरले आहे का, हे प्रतिमेशिवाय कळत नाही.

पटाशीचे दात फिरत्या चकतीने कापावेत व दाढांची टोके भुलीखाली फिरत्या कानशीने घासावीत. नखे कापण्याच्या चिमट्याने किंवा तारेच्या पकडीने दात तोडू नयेत. दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि तेथे पू होतो. सशाचा पू घट्ट, दह्याच्या गोळ्यासारखा असतो. तो सुईने निघत नाही. गाठ शस्त्रक्रियेने काढणे व बाधित दात उपटणे, असा मोठा उपचार करावा लागतो.

औषधांबाबत तीन सूचना महत्त्वाच्या आहेत. पहिली, माणसांसाठी आणलेले अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन किंवा क्लिंडामायसिन सशाला तोंडावाटे देऊ नये. आतड्यातील उपयुक्त जीवाणू नष्ट होऊन प्राणघातक हगवण लागू शकते. दुसरी, वेदनाशामक औषध पशुवैद्यकाने वजनानुसार ठरवून दिलेलेच वापरावे. तिसरी, भूल देण्यापूर्वी सशाला उपाशी ठेवू नये. ससा उलटी करू शकत नाही, आणि उपवासाने त्याचे आतडे मंदावते. कुत्र्या-मांजरांसाठीचा नियम येथे लागू होत नाही.

तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे तमिळनाडू पशुवैद्यकीय व पशुविज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय व संशोधन संस्था आहे. कोणत्याही रुग्णालयात जाताना सशांना भूल देण्याचा अनुभव, क्ष-किरणाची सोय आणि दाढा घासण्याची उपकरणे यांची चौकशी ससा निरोगी असतानाच करून ठेवावी. प्रवास पहाटे किंवा संध्याकाळी करावा. तापमान 30 अंशांपुढे गेले की सशाला उष्णतेचा त्रास होऊ लागतो.

पटाशीचे दात जन्मजात वाकडे असल्यास दर तीन ते सहा आठवड्यांनी ते कापत राहण्याऐवजी सहाही दात कायमचे काढून टाकणे, हा अनेकदा अधिक सुखाचा मार्ग ठरतो. शस्त्रक्रिया कौशल्याची आहे. त्यानंतर ससा ओठांनी व जिभेने अन्न उचलण्यास शिकतो. भाजी व गवत मात्र कापून द्यावे लागते.

तंजावर परिसरातील चारा-नियोजन

पाळीव सशाच्या आहारात चार-पंचमांशाहून अधिक भाग गवताचा असावा. रोज निदान सशाच्या शरीराएवढा वाळलेल्या गवताचा ढीग त्याच्यापुढे असला पाहिजे. गोळी खाद्य दर किलो वजनामागे 20 ते 25 ग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये. म्हणजे दोन किलोच्या सशाला दिवसाला जास्तीत जास्त 40 ते 50 ग्रॅम. भात, बिस्किटे, पाव, धान्याचे मिश्रण बंद करावे. गाजर व फळ हा केवळ घासभर खाऊ आहे. लाकडाचा तुकडा चावायला दिल्याने पुढच्या दातांना काम मिळते. दाढा त्याने झिजत नाहीत.

हरळी (दूर्वा) : तमिळमध्ये ‘अरुगम्पुल’. पिळ्ळैयारच्या पूजेसाठी ती बाजारात जुड्यांनी मिळते. ताजी व वाळवलेली, दोन्ही उत्तम. भाताच्या बांधावरून कापलेली हरळी मात्र तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेले नाही याची खात्री झाल्यावरच द्यावी.

गिनी गवत व संकरित नेपियर : लांब पात्यांचा भरपूर चारा. कोवळ्या अवस्थेत, हातभर लांबीची पाने द्यावीत. कुट्टी करून दिल्यास चघळण्याचा लाभ घटतो.

दशरथ घास : तमिळमध्ये ‘वेलिमसाल’. प्रथिने व कॅल्शियमयुक्त. वाढत्या पिलांना उपयुक्त. प्रौढ सशाला मूठभर पुरे, अन्यथा मूत्राशयात कॅल्शियमचा गाळ साचू शकतो. हादगा (‘अगत्ती’) आणि शेवग्याचा पाला (‘मुरुंगै’) यांनाही हेच प्रमाण लावावे.

सुबाभूळ : त्यात मायमोसिन हे अपायकारक द्रव्य असल्याने नियमित चारा म्हणून देऊ नये.

भाताचा पेंढा (‘वैक्कोल’) : जिल्ह्यात सर्वात सहज मिळणारा. त्यात सिलिका भरपूर असली तरी प्रथिने व कॅल्शियम तुटपुंजे असतात. त्यावर ससा पोसला जात नाही. स्वच्छ, कोरडा पेंढा बिछान्यासाठी व अधूनमधून चघळण्यासाठी वापरावा. पावसात सापडलेला, काळपट किंवा कुबट वासाचा पेंढा घरात आणू नये. बुरशी सशाच्या फुप्फुसांना व आतड्यांना घातक असते.

या भागात खरी अडचण येते ती पावसाळ्यात. ऑक्टोबर ते डिसेंबर गवत वाळत नाही आणि नेमक्या याच काळात घरचे लोक नाइलाजाने गोळी खाद्यावर भर देतात. म्हणून फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत साठा करावा. फुलोऱ्यापूर्वी गवत कापून पातळ थरात पसरावे, दिवसातून दोन-तीन वेळा उलटावे, काडी वाकवताच मोडू लागली की सावलीत थंड करून तागाच्या पोत्यांत भरावे. पोती जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवावीत. प्लास्टिकच्या बंद पिशवीत दमट हवेने गवत घामेजते.

जुन्या आहारातून नव्याकडे दोन-तीन आठवड्यांत हळूहळू जावे. हट्टी ससा गवत खात नाही म्हणून त्याला उपाशी ठेवण्याचा प्रयोग कदापि करू नये. दाढा दुखत असताना गवत नाकारणे हा हट्ट नसून वेदना असते. आधी उपचार, मग आहारबदल, हाच क्रम पाळावा. सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास, सावलीची सोय ठेवून सोडल्यास ड जीवनसत्त्वाची गरज भागण्यास मदत होते.

नोंदवहीचे महत्त्व

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द 1798 ते 1832) यांनी स्थापन केलेल्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर प्राण्यांसाठीही औषधे तयार होत. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. रुग्ण आला तेव्हा कसा होता, काय केले आणि पुढे काय झाले, हे लिहून ठेवण्याची ही शिस्त वारंवार उद्भवणाऱ्या आजारात आजही तितकीच उपयोगी पडते.

सशासाठी साधी वही पुरते. दर आठवड्याला त्याच वेळी, स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर टोपलीत बसवून वजन घ्यावे. दोन किलोच्या सशाचे वजन 100 ग्रॅमने घटले तर तपासणी करावी. 200 ग्रॅमची घट गंभीर समजावी. दात कापल्याची तारीख, कोणता दात, गालाला की जिभेला जखम, दिलेले औषध आणि पहिले लक्षण परत दिसल्याचा दिवस या नोंदी ठेवाव्यात. या शेवटच्या आकड्यातून सर्वात जास्त कळते. दोन उपचारांमधील अंतर सहा आठवड्यांवरून दहा, मग चौदा आठवडे असे वाढत गेले, तर आहाराचा गुण येत आहे. ते सहावरून चार, मग तीन आठवड्यांवर आले, तर मूळ किंवा हाड बाधित झाले असण्याची शक्यता मोठी आहे. पुन्हा क्ष-किरण काढून उपचाराची दिशा ठरवावी.

मर्यादा आणि निर्णय

मुळे एकदा वाकली, जबड्याचे हाड बदलले की ते पूर्ववत होत नाही. अशा सशाचा आजार बरा होण्याऐवजी आटोक्यात ठेवला जातो. ठरलेल्या दिवशी, लक्षणे दिसण्याच्या आधीच दाढा घासून घेणे, वेदनाशमन चालू ठेवणे आणि घरात भिजवलेले गोळी खाद्य बारीक वाटून पिचकारीने भरवण्याची तयारी असणे, एवढ्यावर अनेक ससे वर्षानुवर्षे समाधानाने जगतात. पिचकारीने भरवण्यापूर्वी आतड्यात अडथळा नाही, याची पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्यावी.

मात्र दोन उपचारांच्या मधल्या काळातही ससा खात नसेल, गाठी पुनःपुन्हा येत असतील आणि तो कोपऱ्यात आक्रसून बसू लागला असेल, तर वेदनारहित मृत्यूचा पर्याय पशुवैद्यकाशी मोकळेपणाने बोलावा. वहीतील नोंदी अशा वेळी भावनेला आधार देतात. सशाचे किती दिवस चांगले गेले आणि किती वाईट, हे त्या स्पष्ट सांगतात.

नवा ससा घरी आणणाऱ्यांना मात्र ही वेळ बहुतांशी टाळता येते. पिलू घेताना पुढचे दात जुळतात का ते पाहावे, पहिल्या दिवसापासून गवताची सवय लावावी आणि वर्षातून निदान एकदा दाढांची तपासणी करून घ्यावी. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या गवताची दोन पोती पावसाळ्यातील कित्येक शस्त्रक्रिया वाचवू शकतात.